गाव तेच ठेवा, महिना बदला (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आम्ही १९९९ पासून सुट्टीला दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यालाच जातो, मधली दोन वर्षं काय ती चुकली असतील, आणि घरचे-दारचे सगळे मला हसतात. एवढ्या एका वाक्यावर पत्रांचा आणि मेसेजचा असा पाऊस पडला की संपादकांनी विचारलं, तुम्ही नेमकं लिहिलंत तरी काय. म्हणजे माझ्यासारखे येडे बरेच आहेत तर. प्रत्येकाला उत्तर देणं शक्य नाही म्हणून सहा पत्रं घेतलीयेत, नावं काढून टाकलीत, आणि जिथे फार लांबण होती तिथे थोडी कात्री लावलीये, रागावू नका.

प्रश्न: ताई, आम्ही २००८ पासून दर मे महिन्यात केळशी नाहीतर आंजर्ल्याला जातो. मुलं लहान होती तोवर वाळूत रमायची. आता मुलगी १९ची, मुलगा १५चा, दोघं म्हणतात, "बाबा, तिथे करायचं काय?" बायको म्हणते, "तिथे गेल्यावर तू झोपतोस आणि मी ओले कपडे वाळत घालते." यंदा तिघांनी मिळून व्हिएतनामचं पॅकेज काढलंय आणि मला नुसतं कळवलंय. मला खरंच वाईट वाटतंय हो. माझं चुकतंय का? (एक बाबा, कोथरूड)

उत्तर: बाबा, तुमच्या पत्रातलं बायकोचं वाक्य मी दोनदा वाचलं. मुलांचं नंतर बघू, आधी ते. सतरा वर्षं एक माणूस झोपतोय आणि दुसरं माणूस दोरीवर टॉवेल टाकतंय, तर त्या दुसऱ्या माणसाला ते गाव आवडणार कसं? तिच्यासाठी ती सुट्टी नाहीच, घरचंच काम फक्त घाम जास्त. तेव्हा पुढच्या वेळी कपडे तुम्ही वाळत घाला. मी चेष्टा करत नाहीये.

आता दुसरं. तुम्ही "दर मे महिन्यात" लिहिलंय ना, तिथेच खरी गोम आहे. शाळेच्या सुट्टीमुळे आपण सगळे मे महिन्यात जातो, आंबे खातो, घामाघूम होतो, पुळणीवर संध्याकाळी दोन तास बसतो आणि परत येतो, आणि मग सतरा वर्षांत आपण सतरा वेळा तेच चार दिवस बघितलेले असतात. आम्ही पण पहिली आठ-दहा वर्षं हेच केलं. मग एकदा घरात आजारपण निघालं, मे हुकला, आणि नाईलाज म्हणून जुलैत गेलो. आंजर्ल्यात आम्ही ज्या काका-काकूंच्या घरी उतरतो, त्यातल्या काकूंनी फोनवर तीनदा विचारलं, "पावसात येताय? खरंच येताय? पावसात कोण येतं हो?"

तर तो जुलै. समुद्र निळा-बिळा काही नाही, गढूळ चहासारखा, आणि त्याचा आवाज रात्री माजघरात असा यायचा की जणू मागच्या आगरातून, म्हणजे माड-पोफळीच्या वाडीतून, मालगाडी चाललीये आणि ती संपतच नाहीये. होड्या सगळ्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णैचा एरवी इतका गजबजलेला बंदरावरचा लिलाव एकदम चिडीचूप. ताजी सुरमई-पापलेट विसरा. आम्हाला काय मिळालं तर सोडे (सुकी कोळंबी) घातलेलं वांगं, कुळथाचं पिठलं, गरम भात, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या, ज्या मी मे महिन्यात कधी बघितल्याच नव्हत्या कारण मेमध्ये हळदीला पानं असतात कुठे. समोरच्या शेतात लावणी चाललेली. माझ्या मुलाने, तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असेल, तिथे जाऊन गुडघाभर चिखलात एक ओळ लावली, ती काकांनी नंतर सगळी उपटून परत लावली असणार पण त्याला सांगितलं नाही. नवऱ्याच्या चामड्याच्या चपलेवर तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी आली. अजून सांगतो तो ती गोष्ट लोकांना.

तेव्हापासून आमचा नियम झाला, गाव तेच ठेवायचं पण महिना फिरवायचा. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ मिळेल, शिमग्याची पालखी दारात नाचताना दिसेल, नशीब असेल तर कासवंही. माघात आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा उत्सव असतो, चैत्रात केळशीच्या महालक्ष्मीचा. ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं पण भात पिवळं झालेलं असतं आणि गावात पाहुणा म्हणून तुम्ही एकटेच. डिसेंबरात पहाटे अंगावर पांघरूण लागतं आणि आंब्याच्या मोहोराचा वास. मला स्वतःला डिसेंबर सगळ्यात प्रिय, पण हे छापू नका असं मी आमच्या संपादकांना सांगितलं होतं, गर्दी होईल म्हणून.

मुलांना यंदा व्हिएतनामला जाऊ द्या आणि तुम्ही पण जा, तोंड पाडून जाऊ नका मात्र. एकोणीस वर्षांच्या मुलीला आईवडलांबरोबर केळशीला बसून राहायचं नसतं, तिला तिथे मैत्रिणींना घेऊन एकटं जायचं असतं, तिला तसं एकदा विचारून बघा की. चावी तुमच्याकडून तिच्याकडे गेली की गाव तिचं होईल.

प्रश्न: आम्ही कासव महोत्सव बघायला दोन वेळा गेलो, एकदा वेळासला आणि एकदा आंजर्ल्याला, दोन्ही वेळा एकही पिल्लू दिसलं नाही. हॉटेल, पेट्रोल, रजा सगळं वाया. नक्की कधी गेलं की दिसतात? गॅरंटीड तारीख सांगा प्लीज. (डोंबिवली)

उत्तर: गॅरंटीड तारीख कासविणीलाही माहीत नसते हो. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. कुत्री-कोल्ही खाऊ नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, तेवढाच खोल खड्डा करून परत पुरतात, आणि मग वाळूच्या उष्णतेवर ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. म्हणजे बघा, पंधरा दिवसांचा फरक तर इथेच पडला. थंडी उशिरा पडली की अंडी उशिरा, अंडी उशिरा की पिल्लं उशिरा. सकाळी आणि संध्याकाळी कुंपणातल्या टोपल्या उचलून बघतात, त्यात पिल्लं असली तर सोडतात, नसली तर सगळे चहा प्यायला जातात.

वेळासला हे काम २००२ पासून चाललंय, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं आणि मग गावाने उचललं, घरोघरी पाहुणे राहू लागले. त्यामुळे पिल्लू नाही दिसलं तरी तुमचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, ते ज्या घरात तुम्ही जेवलात तिथे गेले. प्रॅक्टिकल सल्ला एवढाच की मार्चचा मध्य ते एप्रिलची सुरुवात या काळात जा, जायच्या आदल्या आठवड्यात फोन करून कुठलं घरटं कितव्या दिवसावर आहे ते विचारा, आणि एक नाही दोन रात्री राहा. शनिवार-रविवार सोडून गेलात तर अजून बरं, कारण शनिवारी एका पिल्लामागे शंभर मोबाईल असतात.

आणि एक गंमत, वरच्या कोथरूडच्या बाबांनी पण वाचा. मादी मोठी झाली की जिथे जन्मली त्याच किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला परत येते असं मानतात. मी लोकांना ऐटीत सांगायचे, बघा कासवं पण दरवर्षी तिथेच जातात. मग ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ साली चक्क गुहागरला अंडी घालायला आली! अख्खा देश वळसा घालून. तेव्हापासून मी ते उदाहरण देणं बंद केलंय. त्याआधी २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या काही माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, त्यात आंजर्ल्याची सावनी होती, तिचा पत्ता आम्ही कितीतरी दिवस नातेवाइकासारखा विचारत होतो.

प्रश्न: ताई, लिहू की नको करत लिहितेय. आम्ही अकरा वर्षं एकाच घरी उतरायचो. मुंजीला, लग्नाला बोलावणी व्हायची. २०२०च्या चक्रीवादळात त्यांची वाडी गेली असं दुसऱ्यांकडून कळलं. आमच्याकडे तेव्हा कोरोनाचं चाललेलं, सासरे गेले, नवऱ्याचा पगार अर्धा झाला. फोन करायचा राहिला. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, मग अजून उशीर झाला. आता मुलगा विचारतो आपण तिकडे का जात नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? (सांगली)

उत्तर: ताई, आहे त्याच तोंडाने जा. पण आधी फोन करा, आणि तो मुलाकडून नको, तुम्हीच करा.

निसर्ग वादळ ३ जून २०२०ला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, आणि दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीलाही त्याने अक्षरशः पिळून काढलं. मी पण त्या दिवशी पुण्यात टीव्हीसमोर बसून होते, फोन लागत नव्हता, तिकडे लाईट नाही, टॉवर नाही, रस्त्यात झाडं, आणि लॉकडाऊन, जायचं म्हटलं तरी जाता येत नव्हतं. काकांचा आवाज ऐकायला मला नऊ दिवस लागले. काय बोलावं कळेना म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "घर बरं आहे ना?" ते म्हणाले, "घर आहे. सावली गेली."

त्याचा अर्थ मला डिसेंबरात तिथे गेल्यावर कळला. त्यांच्या आगरात आधी भर दुपारी बारा वाजता गेलं तरी काळोखी गारवा असायचा, वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, त्याखाली जायफळ, केळी. मी गेले तेव्हा तिथे आभाळ दिसत होतं. नुसतं आभाळ. पोफळी कंबरेतून मोडलेल्या, माड मुळासकट आडवे, आणि जी चार-सहा जायफळं वाऱ्यातून वाचली होती त्यांची पानं उन्हाने तांबडी पडलेली, कारण त्या झाडाने जन्मात कधी सरळ ऊन बघितलं नव्हतं. वादळाने जे पाडलं ते पाडलं, उरलेलं नंतर उन्हाने मारलं. सरकारी मदत फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाली होती, पण कोकणातली वाडी गुंठ्यात मोजतात, गुंठ्याला पाचशे रुपये झाले, तेवढ्यात मोडलेला एक माड कापून बाहेर काढायची मजुरी पण निघत नव्हती. आणि पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं, आपल्या बाणवली माडाला त्याहून थोडी जास्तच.

हिशोब करा. त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी म्हणजे आता कुठे धरायला लागल्या असतील. तुम्ही वाईट काळ चुकवलात हे खरं, पण तुम्ही जाल तेव्हा त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे, आणि माणसाला ते दाखवायचं असतं. पाकीट वगैरे घेऊन जाऊ नका, अवघडतील. फोनवर सासऱ्यांचं सांगा, कारण तुमच्या घरात काय झालं हे त्यांनाही कळलेलं नाहीये, ते पण पाच वर्षं म्हणत असतील की सांगलीवाले असे कसे तुटले. चार दिवसांचं बुकिंग करा आणि सगळे पैसे आधी पाठवा. मुलाला आगरात पाठवा आणि शिंपणं करायला लावा.

प्रश्न: दरवर्षी हॉटेलचं भाडं भरण्यापेक्षा तिथेच दहा गुंठे घेऊन छोटं घर बांधावं असा विचार आहे. एजंट म्हणतो सी-व्ह्यू आहे, टोकन लगेच द्या. तुमचा अनुभव काय? (आयटीवाला, ठाणे)

उत्तर: लगेच द्या म्हणणाऱ्याला लगेच देऊ नका, हा पहिला अनुभव. तुमच्या नावावर किंवा वडलांच्या नावावर कुठे शेतजमीन आहे का? नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट घेता येत नाही, मग एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट बघावा लागतो. सातबारा काढा, त्यावर सतरा नावं असतील, त्यातले तीन वारलेले, दोन बोरिवलीला, एक आत्या अशी जिला आपलं नाव आहे हेच माहीत नाही, आणि सह्या सगळ्यांच्या लागतात. जो सी-व्ह्यू तुम्हाला हवाय तोच सीआरझेडलाही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांनाही दिसतो, भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येईल हे तालुक्याला जाऊन लेखी विचारा, एजंटला तोंडी विचारू नका.

हे सगळं नीट निघालं तरी माझं मत विचाराल तर घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने घेतलं. आता ते दरवर्षी जातात ते गवत काढायला, पंप बघायला आणि शेजाऱ्याशी बांधावरून भांडायला. समुद्रावर गेलात का विचारलं तर म्हणतात, या वेळी वेळच नाही झाला. गावात घर नसणं ही सुट्टीतली मोठी सोय आहे, फ्यूज उडाला तर काकांना हाक मारायची आणि आपण झोपाळ्यावर बसायचं.

प्रश्न: मी नागपूरचा, वय २४. समुद्र फक्त मुंबईत पाहिलाय, मरीन ड्राइव्हवरून. आम्ही चार मित्र पहिल्यांदा कोकणात येतोय. दरवर्षी यावंसं वाटेल असं गाव कसं निवडायचं? आणि पाण्यात कधी उतरायचं, भरती-ओहोटीचं काही समजत नाही. (नागपूर)

उत्तर: ये रे बाबा, ये. गावाचं असं आहे की ते निवडता येत नाही, लग्नासारखं. पण एक ढोबळ खूण सांगते. ज्या गावात किनारा सोडूनही लोकांना काहीतरी काम आहे ते गाव बघ, मासेमारी, आगर, देऊळ, शाळा, शनिवारचा एसटीतून उतरणारा चाकरमानी. जिथे सगळं गावच तुझी वाट बघत बसलंय तिथे दोन दिवसांत कंटाळशील. खेडपर्यंत रेल्वेने या, तिथून दापोली तीसेक किलोमीटर, आणि दापोलीहून एसटीने खाली उतरा. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव नक्की बघा, पण मध्ये उभं राहून फोटो काढू नका, त्या बायका टोपलीने ढकलतात आणि बरोबरच करतात.

आता पाणी. कॅलेंडरवर तिथी बघ आणि तिला पाऊणने गुण. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण ॲपची बॅटरी संपली तरी हे चालतं, काका मला बोटांवर करून सांगायचे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि तितक्याच जोरात मागे जातं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सगळं मवाळ. पोहायला उतरायचं ते भरती चढत असताना, कंबरेच्या वर नाही, आणि ओहोटी लागली की बाहेर. नदी किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे तर कधीच नाही, आंजर्ल्यात जोग नदीचं मुख आहे तिथलं पाणी वरून एकदम शहाण्या मुलासारखं दिसतं आणि आतून ओढतं. गावातला माणूस "नको" म्हणाला की का म्हणून विचारत बसू नका.

आणि गाडी वाळूवर घालू नका. प्लीज. २००६ साली आम्ही हा शहाणपणा केलाय, कर्द्याच्या पुळणीवर, वाळू कशी घट्ट सिमेंटसारखी आहे म्हणून नवऱ्याने गाडी खाली उतरवली, दोन चकरा मारल्या, फोटोसाठी थांबला, आणि थांबलेल्या गाडीची मागची चाकं हळूहळू बसायला लागली. आधी आम्ही हसत होतो. पौर्णिमेचा दुसरा-तिसरा दिवस, पाणी चढत होतं. चाकाखाली पायपुसणी घातली, सुरूच्या फांद्या घातल्या, माझी ओढणी घातली. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दरवाजाला लागलं होतं, आणि ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधता बांधता विचारलं, "पुण्याचे का?" त्या गाडीचे ब्रेक पुढे दोन महिने खाऱ्या पाण्याने कुरकुरत होते, आणि ओढणी समुद्रातच राहिली.

प्रश्न: ताई, मी दुसऱ्या बाजूची. आमच्या चार खोल्या आहेत, घरगुती जेवण देतो, गावाचं नाव छापू नका. चौदा-पंधरा वर्षं तीच तीच माणसं येतात, आम्हाला फार बरं वाटतं, मुलं आमच्यासमोर वाढलीत. पण ओळख झाली की लोक दर विचारत नाहीत, २०१६ला जो होता तोच हातात ठेवतात आणि म्हणतात, "आपलंच घर ना." न विचारता आणखी चार जणांना घेऊन येतात. रात्री अकराला पोचतात आणि जेवण गरम पाहिजे. गणपतीत फोन करतात, "आम्ही येतोय, आम्ही काय परके आहोत का," तेव्हा आमच्याच घरात मुंबईची वीस माणसं असतात. नारळ काढायला माणूस मिळत नाही, सिलिंडर कुठे गेला, मोदक वळायला मी एकटी. बोललं तर माणसं दुखावतील, नाही बोललं तर मी. काय करू?

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं म्हणजे वरच्या पाचही जणांना ते वाचावं लागेल.

बोला. तोंडावर अवघड वाटत असेल तर पाटी लावा, खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला, खोलीचा दर, ताटाचा दर, मोदकाचा दर नगावर, जेवण रात्री नऊपर्यंत, जास्तीचं माणूस आधी कळवून, गणपतीचे दहा दिवस आणि शिमग्याला बंद. खाली तारीख घाला आणि दरवर्षी दसऱ्याला पाटी बदला. पाटीशी कोणी भांडत नाही. जो पाटी बघून यायचा बंद होईल तो तुमच्याकडे येत नव्हता, स्वस्तात येत होता. आणि ज्यांना तुम्ही खरंच घरचं मानता त्यांना निघताना आमसुलं द्या, आगळाची बाटली द्या, पण ताटाचे पैसे सोडू नका.

हे मी फार आत्मविश्वासाने सांगतेय असं वाटत असेल तर कबुली देते. आम्ही पण तेच केलंय. २०१४ला जो दर ठरला तोच मी २०१९पर्यंत बिनदिक्कत देत होते, पाच वर्षं, आणि वर परत येताना गाडीत म्हणायचे, काकू किती साध्या आहेत ना, पैशाचं नावच काढत नाहीत. मग त्या वर्षी एका सकाळी मी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेले, काकू ओट्यापाशी नव्हत्या, तिथे त्यांची हिशोबाची वही उघडी पडलेली. मी वाचायला नको होती, वाचली. एका बाजूला आमचं आडनाव, त्याखाली सहा माणसं, चार दिवस, आम्ही देणार ती रक्कम आधीच लिहून ठेवलेली, पैशापैशाला बरोबर. दुसऱ्या बाजूला तांदूळ, गूळ, तेल, सिलिंडर, मासे, कामाची बाई. खर्चाची बेरीज आमच्या रकमेपेक्षा साडेआठशेने जास्त होती. त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं, नुसती एक रेघ मारून पुढच्या पाहुण्यांचं नाव.

मी पाणी न घेताच बाहेर आले. संध्याकाळी विचारलं, "काकू, हल्ली ताटाचे किती घेता?" तर म्हणाल्या, "तुमच्याकडून काय घ्यायचं, बसा, चहा टाकते."